आकडे

मासळीचा कारखाना बंद पडला त्या साली
मला इथे नोकरी लागली, लिएपायाच्या संगीतगृहात,
तळमजल्यावर, ओव्हरकोट सांभाळायची.
भिंतीला तीनशे चाळीस आकडे,
आणि प्रत्येक आकड्यावर एक आकडा, पितळी.
काम एवढंच: कोट घ्या, बिल्ला द्या,
बिल्ला घ्या, कोट द्या.

वर काय चालायचं ते छतातून कळे,
शेजारच्या घरातलं भांडण कळावं तसं:
शब्द नाहीत, नुसता चढउतार.
माझ्या लेखी ते घड्याळ होतं.
नगारे वाजले की चार मिनिटं उरली,
विणकाम पिशवीत टाकायचं, उठून उभं राहायचं.
गाढवाला गुळाची चव काय, मीच म्हणायचे,
दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत.

माणसं मला कोटांवरून माहीत.
एकशे सत्तावीस: अस्तर उसवलेलं, खिशात खोकल्याच्या गोळ्या.
एकोणसाठ: कुत्र्याचे केस, दर शुक्रवारी.
दोनशे तीनवाली बाई येते एकटी
आणि अजूनही बिल्ले दोन मागते.

दारावरचा ओयार्स, अग्निशमन दलाच्या बँडात
तीस वर्षं ट्युबा वाजवलेला माणूस,
म्हणाला, वेल्टा, सगळं ऐकायला जाऊ नकोस,
सगळं कुणालाच ऐकू येत नाही.
बाजारात पोरगं हरवलं तर काय करतेस?
गर्दी बघत नाहीस, लाल टोपी बघतेस.
एक वाद्य धर. त्याच्या मागे जा.

मग तो फेब्रुवारी. बर्फात बसगाड्या अडकल्या,
निम्म्या खुर्च्या रिकाम्या, आणि ओयार्सने मला
खांद्याला धरून आत ढकललं,
शेवटच्या रांगेत, एप्रनसकट.
कोटांवाचून मला एक माणूस ओळखू येईना.

क्लॅरिनेट धरली. सुटली.
पुन्हा धरली, ती व्हायोलिनांच्या घोळक्यात शिरली
ती शिरलीच.
मग मी दुखऱ्या टाचांचा विचार केला,
घरात बटाटे संपलेत त्याचा,
पुढच्याच्या मानेवरच्या तिळाचा.

आणि मधेच सगळं थांबलं.

तुम्हाला सांगते, कारखान्यात बावीस वर्षं
आवाज म्हणजे सगळं ठीक. डबे, पट्टा, वाफ.
पट्टा मधेच थांबला तर एकच अर्थ:
कुणाचा तरी हात.
झेन्ताच्या वेळी
मीच तिचं मनगट टॉवेलात गुंडाळून धरलं होतं,
आणि ती शांतता एवढी
की भिंतीपलीकडचा समुद्र ऐकू यायला लागला होता.

मी उठून उभी राहिले.
शेवटच्या रांगेत, दोन्ही हात पुढे करून.

संचालकाचा हात वर, तसाच.
कुणाला काही झालेलं नव्हतं.
पण साठ-सत्तर माणसं तिथे श्वास धरून बसली होती,
आणि मग ओबो, एकटाच,
दाराशी येऊन कुणी हळूच विचारावं तसा:
आहात ना सगळे?

मी खाली बसले. रडले वगैरे नाही.
पुढे संथ भाग आला, त्यात डुलकीही लागली,
खोटं कशाला बोला.

दुसऱ्या दिवशी ओयार्सला विचारलं,
ते थांबले ते चुकून, की ठरवून?
लिहिलेलं असतं, म्हणाला.
न वाजवणंसुद्धा लिहून ठेवतात?
तर! त्याची खूण असते.
आणि जुन्या तिकिटाच्या पाठीवर त्याने पेन्सिलीने काढली
एक वाकडीतिकडी रेघ, खाली गळासारखी वळलेली.

मी तिच्याकडे बघितलं. मग भिंतीकडे.

संध्याकाळी सहा. दारं उघडायची आहेत.
तीनशे चाळीस, एकावरही काही नाही.
पहिला आला तो एकोणसाठ, ओला, कुत्र्याचे केस.
कोट पुढे करून उभा.

जरा थांबा, म्हटलं त्याला.