काळ्या घोड्याच्या अलीकडे

तुरुंग पुलाच्या अलीकडे आहे,
म्हणून मला जमायचं.
दर दुसऱ्या शनिवारी दांडिया बाजारातून
चालत जेल रोडला.
घरचं खाणं आत जात नाही, तरी डबा न्यायचे.
फाटकावरचा शिपाई तो ठेवून घ्यायचा
आणि येताना तसाच, गार, हातात द्यायचा.

जाळीपलीकडे श्रीरंग.
पतपेढीत कॅशियर. सह्या त्याच्या होत्या;
पैसे कुणी नेले, हे आमच्या घरात आता
कोणी बोलत नाही.
बसल्या बसल्या विचारायचा, "स्टेशनकडे काय नवीन?"
मी सांगायचे: अलकापुरीत एक दुकान झालंय,
आत काचेचा जिना, चालताना
खालच्या माणसांची डोकी दिसतात.
सगळं पाटणकर वहिनींकडून ऐकलेलं.
मी पूल ओलांडल्याला तीन वर्षं होत आली होती.

काय झालं होतं?
काहीच नाही. तेच तर डॉक्टरांना सांगता येईना.
मंगळवार होता. मापांची वही मांडीवर,
रिक्षा पुलाच्या मधोमध अडकली
आणि हवा संपली.
खाली विश्वामित्री नेहमीसारखी मळकट,
काठावर मगर, जबडा उघडा टाकून.
रिक्षावाला म्हणाला, "बेन, शुं थयुं?"
अजून शोधतेय उत्तर.
त्यानंतर आधी पूल गेला,
मग पुलाकडे जाणारा रस्ता,
मग त्या रस्त्यावरची अस्तराची दुकानं.
आता गिऱ्हाइकंच घरी येऊन मापं देतात.

एकदा, नको तेव्हा, बोलून गेले,
"तुझं बरंय. तुला तारीख आहे."
तो बराच वेळ जाळीचा गंज खरवडत राहिला.
"तुझंही बरंय," म्हणाला,
"तुला रात्री दिवा बंद करता येतो."
मी बंद करत नाही, हे सांगितलं नाही.

सुटला भाद्रपदात.
दार सताड उघडं, आणि हा उंबऱ्याबाहेर उभा.
"ये की," म्हटल्यावर आत आला.
मग प्रत्येक दाराशी तेच.
मोरीच्या. बाल्कनीच्या. एकदा तर फ्रिजच्यासुद्धा.
साडेपाच वाजले की ताट घेऊन भिंतीशी बसायचा;
मी कुकर लवकर लावायला लागले.

एका रविवारी म्हणाला, "तो जिना बघू."
"मी नाही पाहिलेला," म्हटलं. "मला पूल जमत नाही."
"जमत नाही म्हणजे?"
"जमत नाही म्हणजे जमत नाही."
त्यानं पुढे विचारलं नाही.
आत शिकला असावा.

कठडा सुरू होतो तिथे दोघं थांबलो,
मी माझ्या कारणानं, तो त्याच्या.
"चल," मी म्हटलं, आणि तो निघाला.
हात मागे, नाकासमोर,
पुढे कोणी नसताना
पुढच्या माणसाइतकं अंतर राखून.
मधोमध कुणीतरी हॉर्न दिला
आणि तो थांबला. थांबलाच.
मी हाक मारली. बस गेली. पुन्हा मारली.
सेवउसळवाल्याची गाडी त्याला वळसा घालून गेली.

पर्समधली टेप काढून बोटांना गुंडाळली.
पाटणकर वहिनी: छाती अडतीस, बाही नऊ.
तांबोळीबाई: छाती चौतीस, गळा मागे खोल.
कठडा तापलेला होता.
शहाबाईंची सून: कंबर अठ्ठावीस,
आता तीस झाली असेल.
पायांकडे बघायचं नाही. पाठ उंची चौदा.
चौदा. चौदा.

त्याच्यापाशी पोचले तेव्हा हवा नव्हतीच,
नुसता त्याचा शर्ट होता, मी धरलेला.
"मगर बघ," तो म्हणाला.
"ती हलत का नाही?"
"कुणास ठाऊक."
दोन्ही बाजूंनी गाड्या.
काळा घोडा अजून पलीकडेच, तितकाच लांब.
"आता चल म्हण," तो म्हणाला.
"थांब जरा," मी म्हटलं.
"तू म्हण."