केवळबाईचा कान

सोनारानेच कान टोचावेत म्हणतात.
सोनाराच्या लेकीने टोचले तर काय होतं,
ते म्हणीत आलेलं नाही.
दादा गेले तेव्हा दुकान थोरल्याकडे गेलं,
तारेची डबी माझ्याकडे.

आमच्या तेरला नांगर जरा खोल गेला
की मणी वर येतात. शंखाचे, काचेचे.
कधी मातीची एखादी बाई,
हात नाहीत, नाक झिजलेलं,
कानातली कुंडलं मात्र शाबूत, वाटीएवढी.
इतकी शतकं जमिनीखाली पडून तिने
सगळं जाऊ दिलं, तेवढं धरून ठेवलं.
लहानपणी संग्रहालयाच्या काचेला नाक लावून
मी तिला विचारायचे,
दुखलं का गं?

दादा मुलाचा उजवा कान आधी धरत, मुलीचा डावा.
लेकराच्या तोंडात गुळाचा खडा,
आईला म्हणत, तोंड फिरव.
काजळाचा ठिपका. फुंकर. तार आत.
रडं फुटेस्तोवर पीळ बसलेला असे.
मग हळद-तेल लावता लावता सांगत,
"रडू नको, बाळा. सूर्यानं लेकाला काय दिलं?
कुंडलं. मागणाऱ्यानं काय मागितलं?
तीच. अन् त्यानं दिली, कातडीसकट सोलून.
तुझं तर नुसतं भोक आहे."

तीन लेकरं गेल्यावर झालेला उकिरड्या.
त्याच्या आईने पाच घरं हिंडून सोनं मागितलं,
कुणी डुलाचा मोडका आकडा दिला,
कुणी पोतीतला चेपका मणी.
दादांनी सगळं एका मुशीत घातलं,
त्याची भिकबाळी झाली, गव्हाच्या दाण्याएवढी.
उकिरड्या आता लातुरात साहेब आहे,
नाव बदलून उत्कर्ष केलंय.
बाळी काढलेली नाही.

आणि परवा, मंगळवारी, भर दुपारी
केवळबाई आली. मुठीत एकच कुडी.
जोडीतली दुसरी मोडून
तिचा कण नवऱ्याच्या तोंडात घातला होता,
तुळशीच्या पानाबरोबर,
एकोणीस वर्षांपूर्वी.
दहाव्याला बायकांनी ही पण उतरवली,
कुंकवाच्या मागोमाग, फार न बोलता.

कान बघितले.
भोकं बुजली होती,
लिंपून टाकलेल्या कोनाड्यासारखी;
हात फिरवला तरच कळावं,
इथं कधी दिवा असायचा.

"नातीचं लग्न आहे का?"
"न्हाई."
"सुनेनं सांगितलं?"
"तिला ठावंच न्हाई."
"मग आता कुणासाठी, मावशी?"
ती डबीकडे बघत राहिली.
"कानासाठी. त्येनं काय केलं व्हतं?"

मी गुळाचा खडा दिला.
म्हणाली, "तोंड फिरवाया कुणी न्हाई, तूच फिरव."
तार माझ्याच हातात, मी कशी फिरवणार?
डावा आधी. पाळी जाड झालेली,
तार जरा अडली, मग गेली.
ती रडली नाही. मला मात्र
गुळाचा दुसरा खडा लागला.

उजव्यात कडुनिंबाची काडी घातली.
एकच कुडी, करणार काय.
तिला म्हटलं, वेरूळला दादांनी दाखवला होता
अर्धा बाईचा, अर्धा बुवाचा देव;
त्याच्यासुद्धा दोन कानांत दोन तऱ्हा.
"व्हय का?" ती म्हणाली.
"मंग त्यो बी माझ्यासारखाच,
एक काढून दिलेला."

पैसे किती, विचारलं.
म्हटलं, दादा नारळ घ्यायचे.
"उद्या आणते," म्हणाली, आणि निघाली
तेरणेच्या अंगाने, उन्हातून.
पदर डोक्यावरच होता,
डाव्या बाजूने फक्त
कानामागे खोचलेला.