चार स्क्रू

फॉर्मच्या पहिल्याच रकान्यात विचारलंय,
वस्तूचं काम एका वाक्यात सांगा.
मी लिहिलं : बारा बाय दहाची पत्र्याची खोली
होळीपासून मृगापर्यंत निजण्याजोगी ठेवणं.
दुसरा रकाना : किती वर्षं?
शेठ म्हणाले, दहा लिहा, लिहायला काय जातं.
मी पेन्सिलीने सात लिहिलं
आणि जळगाव एमआयडीसीतल्या आमच्या कुलरची
जन्मापासून भंगारापर्यंतची कुंडली मांडायला बसले.

पत्रा अकरा किलो. त्याआधी तो कुठल्याशा डोंगरात लाल माती होता.
तांबं साडेसहाशे ग्रॅम, समुद्र ओलांडून आलेलं.
प्लास्टिकचे दाणे शेजारच्या प्लॉटमधून, हातगाडीवर.
हातगाडीचा धूर शून्य, तोही मांडला.
रंगभट्टीचा गॅस, थर्माकोल, खोकं, ट्रक,
जाळीतलं गवत,
आणि वाघूरचं पाणी, तासाला किती पितो ते
गच्चीवर बादली नि घड्याळ घेऊन
मीच मोजलं, डोक्याला ओला रुमाल बांधून.

आलेख निघाला तेव्हा
एकच खांब ताडासारखा : वापर.
बाकी सगळे त्याच्या पायाशी बोरीबाभळी.
म्हणजे दुपारी दोनला, डांबर चप्पल धरून ठेवतं तेव्हा,
इथे एक पोर गार वाऱ्यात झोपी जातं
आणि तिकडे दीपनगरला
त्याच्या नावाचा कोळसा भट्टीत पडतो.
पोराला उठवून सांगण्यासारखं हे नाही.
पंख्याची पाती बदलली, मोटार तीस वॅटने उतरवली,
ताड जरा खुजा झाला. शेठ खूश.

राहिले पेन्सिलीतले सात.
ते खरे की खोटे, विचारायला धरणगावला गेले,
उखर्डू मिस्तरीच्या वाइंडिंगच्या दुकानात.
वार्निशचा वास, भिंतीवर खडूने लिहिलेले वेढ्यांचे आकडे,
आणि कोपऱ्यात आमच्याच मोटारींचा ढीग,
आमचंच निळं स्टिकर.
"तीन उन्हाया," तो म्हणाला. "मंग भंगारमा."
जळतात?
"जयत नही व माय. बुश घसाई जास, वीस रुप्यानं.
पन उघाडू कशी? रिबीट मारेल शे.
छन्नी लाई का बॉडी फुटनी."
आत तांबं अजून नव्या नवरीसारखं चकाकत होतं.

चहा येईपर्यंत मी त्याचं नाव विचारलं, म्हणजे नावाचं कारण.
आधीची दोन पोरं गेली, म्हणून तिसऱ्याला
आईने जन्मताच उकिरड्यावर ठेवलं,
आत्याने उचललं,
आईने ओंजळभर कण्या देऊन परत विकत घेतलं.
टाकून दिलेल्याला काळ हात लावत नाही म्हणे.
आता सदुसष्ट चालू आहे.
सांगताना तो हसत होता, बोटांवर वार्निशचे पापुद्रे.

परत येऊन सात खोडले, तीन लिहिले.
एवढंच केलं, बाकी एक आकडा हलवला नाही,
तर तांब्याचा खांब झोपेतून उठून उभा राहिला,
पत्र्याचा त्याच्या मागे,
सातांत वाटायचं ओझं तिघांच्या डोक्यावर आलं.
शेठ बराच वेळ आलेख बघत राहिले.
मग मी मागितलं ते : रिव्हेटच्या जागी चार स्क्रू.
नगामागे एक रुपया साठ पैसे.
"लोक उघडतील ना मग," ते म्हणाले.
हो, म्हटलं, उघडतील.

दोन मंजूर झाले.

नमुना एसटीच्या कंडक्टरकडे दिला, पिशवीत गुंडाळून.
संध्याकाळी फोन आला :
"दोनमा बी भागी जाई. पन घट्ट नका आवळज्यात."
आणि जरा थांबून,
"तुना कागदमा माले कोठे लिखं?"

फॉर्म पुन्हा वरून खाली वाचला.
कच्चा माल, उत्पादन, वाहतूक, वापर, विल्हेवाट.
मग समासात, वापर आणि विल्हेवाट यांच्या मधे,
जिथे रेघसुद्धा नव्हती तिथे,
पेनाने लिहिलं :
उखर्डू, धरणगाव.
शेठची सही व्हायची आहे.