मिन्खा आणि मआरिवच्या मध्ये

दाराशेजारी तीन लाकडी घड्याळं.
बंद पडलेली नव्हेत, चालण्यासाठी केलेलीच नव्हेत ती.
काटे बोटानं फिरवायचे:
शाखरित सकाळची, मिन्खा दिवस कलतानाची,
मआरिव रात्रीची.
बत्तीस वर्षं ते बोट बाबांचं.
दर रविवारी, सूर्यास्ताचा तक्ता पाहून,
जीभ दातांत धरून.

ग्लासगोत सूर्याचा भरवसा नाही.
डिसेंबरात पावणेचारलाच गाशा गुंडाळतो
आणि जूनमध्ये दहा वाजून गेले तरी
निरोप घेऊन दारात रेंगाळणाऱ्या पाहुण्यासारखा
निघतो निघतो म्हणतो, निघत नाही.
तीन तारे दिसले की रात्र, असं शास्त्र.
आमच्याकडे तारे म्हणजे
ढगांपलीकडची ऐकीव गोष्ट.

बाबा मार्चमध्ये गेले.
मिन्खाचा काटा सव्वासहावरच राहिला.
दोन आठवडे कुणी हात लावला नाही, मग मी लावला.
कुणी काही बोललं नाही.
घड्याळांबद्दल नियम नसावा.

माणसं मोजण्याबद्दल आहे.
दहा पुरुष लागतात. नऊ अधिक मी, बरोबर नऊ.
मी जाळीच्या पडद्यामागे बसते, कद्दिश म्हणते,
गेलेल्यासाठी म्हणायचं ते स्तवन,
ज्यात मरणाचा शब्दसुद्धा नाही.
दहा नसले तर तेही गिळायचं.

नोव्हेंबरातला मंगळवार.
मिस्टर लेव्हेन्थाल मोजत होते,
माणूस आकड्यात धरू नये म्हणून
आमच्या पद्धतीनं, उलटं:
एक-नाही, दोन-नाही, तीन-नाही...
नऊ-नाहीपाशी थांबले. खिडकीकडे पाहिलं.
उजेड चहाच्या तळाइतका उरलेला.

बाहेर माझी काळी टॅक्सी उभी होती.

हायम ब्लोख सपाता घालून स्नूकर बघत बसलेला.
"हीटरवरून लेव्हेन्थाल मला काय बोलला माहीत आहे?"
माहीत होतं. सगळ्या गिफ्नॉकला माहीत होतं.
मी म्हटलं, "मीटर बंद ठेवलंय."
तो सपातांसकट आला.

मिन्खा संपली तेव्हा
उजेडाची तीन मिनिटं शिल्लक होती.
कद्दिश म्हणताना माझा आवाज
जरा मोठाच लागला असेल.

मग मधली वीस मिनिटं. अंधाराची वाट बघायची,
तर रिकामं कशाला बसा, म्हणून धडा.
तरुण रब्बी पिंकस मँचेस्टरचे,
अजून इथल्या पावसाशी वाद घालणारे.
विषय चालला होता हरवलेल्या वस्तूंचा:
खूण असेल तर दवंडी पिटा, मालक शोधा.
खूण नसेल, आणि मालकानं आशा सोडली असेल,
तर ज्याला सापडली त्याची.
"पण आशा नेमकी सोडतो कधी?" रब्बींनी विचारलं.

"लगेच," लेव्हेन्थाल.
"कधीच नाही," ब्लोख, केवळ लेव्हेन्थाल म्हणाले म्हणून.

"गुरुवारपर्यंत," मी म्हटलं.

सगळे जाळीकडे वळले.
आता बोललेच होते, तर पुरं बोलले:
"माझ्या गाडीत छत्र्या राहतात, हातमोजे राहतात.
शनिवारी रात्री विसरलेल्यासाठी
लोक गुरुवारपर्यंत फोन करतात. मग नाही.
एकटा हातमोजा असेल तर बुधवारीच संपतं.
कवळी विसरलेला माणूस मात्र
एकदाही फोन करत नाही.
खूण तर तिच्याइतकी कशावरच नसते."

कुणीतरी हसू खोकल्यात लपवलं.
रब्बींनी खुर्ची थोडी फिरवली,
इतकीच, की पाठ जाळीकडे राहू नये.
"कवळीचं पुन्हा सांगा," ते म्हणाले.

फेब्रुवारीत अकरा महिने भरले.
कद्दिश थांबवायचं असतं, जास्त म्हणू नये.
बाबांनी किती विसरलं माझ्या गाडीत!
चष्म्याचं घर, पेपरमिंट, अर्धं सोडवलेलं शब्दकोडं.
फोन केला नाही कधी.
मीही दवंडी पिटलेली नाही.

रविवारी मिन्खाचा काटा
पंधरा मिनिटं पुढे सरकवला.
लाकूड थंडीत आवळतं, जोर लागतो.
जीभ दातांत आली होती.

सोमवारी ब्लोख मागच्या सीटवर, बूट घालून,
अर्धा रस्ता हीटरबद्दल बोलत होता.
सिग्नलला थांबले तेव्हा त्यानं विचारलं,
"आता तुला कशाला यायचंय?"
मी म्हटलं, "धडा अर्धवट राहिलाय,"
आणि हिरवा होण्याची वाट पाहिली.