दुसरा सुटतो

बोपदेव घाट उतरताना दुसरा सुटतो.
आधी गुणगुणतो, मग लिव्हर थरथरतो,
मग खट्‌कन न्यूट्रलला
आणि जीप एकाएकी हलकी होते,
पोटात गोळा येईल इतकी.
म्हणून गेली तीन वर्षं
डावा हात लिव्हरवर दाबून धरूनच उतरतो मी.
खात्याच्या लिलावात घेतलेली, सत्याऐंशीची.
बोअरच्या जागा दाखवत
हिनं अर्धा पुरंदर तुडवलाय,
माझ्यासकट.

नाना पेठेत मुनीर आतारांचं गॅरेज,
एक जीप आत गेली की माणसानं बाहेर थांबायचं.
आतारांना आता ऐकू येत नाही फारसं.
लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला टेकवतात,
मूठ दातांत धरतात, डोळे मिटतात,
बोटानं खुणावतात: रेस द्या.
जबड्यानं ऐकतो हा माणूस.
"मागचं बेअरिंग बोलतंय.
दुसऱ्याचे दात गोल झालेत, स्प्रिंग मेली.
बाकी पेटी अजून पंधरा वर्षं जाईल."

तेल काढलं घमेल्यात.
काळं, जळक्या लसणाच्या वासाचं.
घमेलं कलतं केलं तर आत पितळेची कस चमकली,
आणि ड्रेन प्लगच्या चुंबकाला
लोखंडाची बारीक लव,
उंदराच्या पाठीवर असते तशी.
आतारांनी ती अंगठ्यानं पुसली, माझ्याकडे न बघता म्हणाले,
"नव्या गाड्या चांगल्याच असतात हो.
पण त्या गप्प बसतात आणि एक दिवस बसतात.
ही सांगत राहते.
तीन वर्षं सांगत होती तुम्हाला."

तीन वर्षं.
आणि मी काय केलं, तर हात दाबून धरला.
घरातही थोडंफार तेच केलं म्हणा.
ते जाऊ द्या.

चार दिवस लागले. दाते जुन्या बाजारातून आले,
तिच्याच वयाच्या कुठल्याशा मेलेल्या जीपचे.
पैसे घेताना आतारांनी पावती दिली नाही,
नुसता लिव्हर एकदा पहिल्यातून दुसऱ्यात ओढून दाखवला.
लोण्यातून सुरी नाही, पण
ताज्या भाकरीतून बोट जावं, तसा गेला.

परवा सासवडहून परतताना
खाली येवलेवाडीचे दिवे दिसले, दुसरा टाकला.
गुणगुण नाही, थरथर नाही.
इंजिन उतार धरून चाललेलं.
शेजारून शालन म्हणाली, "हात काढा की आता."
काढला. स्टिअरिंगवर ठेवला.
पुढच्या वळणावर बघतो,
तर लिव्हरवर तिचा होता.