पंचेचाळीस अंशांतले डायनासोर

मे महिन्यात भुसावळात जन्माला येणं
हा काही जुईचा गुन्हा नाही.
पण लोणी ते लोणीच.
पिठीसाखर घालून फेटा नाहीतर देवाचं नाव घ्या,
दुपारी दोनला ते परत निघतं
तुपाच्या वाटेनं.

म्हणून पहाटे साडेचारला उठलो.
विशाखा निघतच होती, खंडव्याकडे मालगाडी घेऊन.
दारात बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली,
"शेपटी वर ठेव.
खाली गेली की पाल दिसते."

चोवीस कपकेक.
ओव्हन खालच्या बोंडेंचा, एका वेळी सहा बसतात.
दोन वरून फुटले,
त्यांना ज्वालामुखी म्हणून बाजूला ठेवलं.

हिरवा रंग तीन थेंब पुरतो, असं बाटली म्हणते.
तीन थेंबांत झाली नुसती
अढीत घातलेली केळी.
दहाव्या थेंबाला जंगल आलं,
आणि माझी नखं पुढच्या गुरुवारपर्यंत हिरवी.

पाठीवरचे काटे म्हणजे सावद्याचे केळी वेफर्स,
उभे खोचायचे, मोठे मध्ये,
शेपटीकडे तुकडे.
एक पाकीट जास्तीचं आणा,
कारण हाताला काम असलं तरी तोंड रिकामंच असतं.
डोळ्यांना चॉकलेटच्या गोळ्या,
जमिनीला बिस्किटांचा भुगा,
त्यात मीठ पुसलेले खारे शेंगदाणे अर्धे पुरले, ही अंडी.
आणि झाडी शेपूची.
हो, तोच शेपू,
ज्याची भाजी केली की जुई
ताट घेऊन गॅलरीत जाते आणि रिकामं ताट घेऊन येते.

सात वाजता शेवंताबाई विरजण मागायला आल्या.
माहेर अमळनेरचं.
ट्रेपाशी थबकल्या.
"हाई काय शे भो? घोरपड?"
म्हटलं, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी मेलेला प्राणी.
"कसा काय मरी गया?"
कोणी म्हणतं, आकाशातून दगड पडला.
त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं,
समोरच्या शेडचे पत्रे आत्ताच पांढरे दिसत होते.
"ऊन लागनं व्हई," म्हणाल्या,
आणि वाटी विसरून गेल्या.

तीनला लाइट गेली.
कूलर एक आचका देऊन गप्प.
फ्रीजमध्ये कैऱ्या, दुधाची पातेली
आणि बावीस डायनासोर, दार न उघडता
एकमेकांकडे बघत असणार.
मी ओल्या गोणपाटावर ट्रे मांडला,
पुठ्ठ्यानं वारा घातला,
आयुष्यात इतका वारा मी कोणाला घातलेला नाही.

पाचला पोरं आली.
तोवर एकाचा डोळा छातीवर उतरलेला,
दुसऱ्याचे काटे आडवे,
तिसऱ्याला, रुद्राक्षच्या मते, सर्दी झालेली.
मी काही सबब सांगणार
तेवढ्यात जुई खुर्चीवर चढली
आणि ओरडली,
"मरायला लागलेत! लवकर खा!"

सात मिनिटं लागली.
नंतर सतरंजीवर उरला शेपू
आणि हिरव्या मिशा असलेली चौदा माणसं.
शेंगदाणे कोणी खाल्ले नाहीत.
रुद्राक्षनं ते खिशात घातले,
घरी उबवणार म्हणाला.

एक मात्र तिनं आधीच पळवला होता,
भांड्याखाली झाकून,
वर वहीचं पान.

रात्री साडेअकराला विशाखा आली,
बॅग खाली, टोपी कोयंडयावर,
अंगाला डिझेलचा नाहीतर तापल्या लोखंडाचा वास.
ओट्यापाशी उभं राहून चिठ्ठी वाचली.
"आई. खाऊ नये."
पुन्हा वाचली.
"म्हणजे मी, का बाकीच्यांनी?"

जुई झोपलेली, एक तळहात अजून हिरवा.
विचारायचं कुणाला?
विशाखानं भांडं उचललं.
आत काही पाल नव्हती, काही सरडा नव्हता,
एक मऊ टेकडी होती आणि तिच्यात रुतलेला
एक वेफर, उभा.
तिनं करंगळीनं घसरलेला डोळा
जागेवर नेऊन ठेवला.
तो पुन्हा घसरला.

ती अजून तिथेच उभी आहे,
मी पाणी भरतोय.