रवा

सोहारच्या सनायात, कॅम्प नंबर चार,
बेसिनवर तारेनं बांधलेला आरसा
आणि माझ्यामागे दाढीसाठी नऊ माणसं.
वरचा ओठ ताणला तेव्हा दिसले
फिकट पिवळे, बारीक, एकाला एक लागून,
उपमा करताना हातून सांडलेल्या रव्यासारखे.
जिभेनं चाचपले. खुपत नाहीत, दुखत नाहीत.
न दुखणाऱ्याचीच भीती जास्त,
दुखणारं निदान बोलतं तरी.

मागून दिलमान म्हणाला, जल्दी कर भाई.
अर्धी दाढी तशीच ठेवून मी तोंड धुतलं.

पुढच्या महिन्यात रेसिडेन्सीचं मेडिकल.
रक्त, छातीचा फोटो, शिक्का.
चिपळूणचा इक्बाल याच खोलीत झोपायचा,
फुफ्फुसावर कधीचा एक डाग निघाला
आणि बॅग भरायला त्याला दोन दिवस मिळाले.

रात्री पांघरुणात, मोबाईलच्या उजेडात
ओठ उलटा करून सतरा फोटो काढले.
मालनला पाठवणार होतो.
मग वाटलं, ती काय समजेल,
तीन वर्षं घराबाहेर, आणि ओठावर
काय आणलंय यानं, कुठून.
सतराही पुसले.

मिशी वाढवली. ग्लास वेगळा केला.
खजुराच्या ताटलीत हात घालेना.
बशीरचाचा म्हणाले, काय रे, सोवळं लागलं का तुला?
हसलो. तोंड न उघडता
जेवढं हसता येतं तेवढं.

आमच्या जतेत असल्या गोष्टींना कुणी भीत नसे.
भिवामामाच्या मानेवर वाटाण्याएवढी चामखीळ होती,
कुणी सांगितलं म्हणून त्यानं
घोड्याच्या शेपटीचा केस मागून आणला, गच्च बांधला.
चामखीळ गळाली नाही. केसच
सहा महिने मानेशी लोंबत राहिला.
आईच्या हनुवटीवरचा मस म्हणजे आमचं बटण,
दाबलं की ती एसटीचा हॉर्न वाजवायची.
तीळ, मस, लासं, चामखीळ,
नाव होतं म्हणून ती घरातली होती.
या दाण्यांना हाक मारायला
माझ्याकडे शब्द नव्हता.

शेवटी शुक्रवारी पॉलिक्लिनिक. चार रियाल.
डॉक्टर सुहैरा, कोझिकोडच्या.
टॉर्च मारला, ओठ चिमटीत धरला, सोडला.
कधीपासून?
पंधरा दिवस.
नाही, म्हणाल्या, मिसरूड फुटलं तेव्हापासून.
तुम्ही बघितलंत पंधरा दिवसांपूर्वी.
या तेलाच्या ग्रंथी. राहायच्या केसाच्या मुळाशी,
जागा चुकून ओठात आल्या.
इथं केस नाही, काम नाही, तरी आहेत.
कुणाला लागत नाहीत, कुणाचं बिघडवत नाहीत.
औषध नाही. राहू द्या त्यांना.

मी विचारलं, मेडिकलला?
कोण विचारतं यांना, म्हणाल्या,
आणि मास्क खाली ओढून, दोन बोटांनी
स्वतःचा ओठ उलटून दाखवला.
रवा.
माझ्यापेक्षा जाड.

बाहेर ऊन भट्टीसारखं, समुद्राकडून सुकटीचा वास.
चार रियाल गेले होते, टॅक्सी केली नाही.
चालताना समोरच्यांच्या तोंडांकडे बघत होतो:
करक गाळणारा, हेल्मेट काखेत धरून
बाटली उंच करून पाणी पिणारे,
शिव्या देणारा आमचा फोरमन.
कितीजणांच्या ओठांत असतील
मुदत नसलेले, शिक्का नसलेले,
जन्मभर तिथंच.

खोलीत बशीरचाचांनी चहा ओतला,
अर्धा पिऊन कप पुढं केला.
मी घेतला.
कप फिरवून दुसरी कड शोधली नाही.

रात्री नेट लागलं तेव्हा मालनला म्हटलं,
जरा वरचा ओठ ओढून दाखव.
याड लागलंय का, म्हणाली, पोरं बसलीत.
मग फोन घेऊन परसात गेली.
तिथं दिवा नाही. काहीच दिसेना.
दोघंही बराच वेळ
ओठ ताणून उभे होतो.